हातावरची गोळी

यांच्या तळहातावर आज माझी गोळी होती.

यांना फिट येते. मागे एका चतुर्थीला उपास म्हणून यांनी गोळी टाळली आणि अंगणात फिट येऊन पडले. तेव्हापासून रोज सकाळी गोळी यांच्या हातावर ठेवून, ती गिळेपर्यंत मी समोर बसते.

यंदा मला नागीण झाली. फोड गेले, कमरेतली आग राहिली. डॉक्टरांनी त्यावरही हीच गोळी दिली, नसांच्या दुखण्यालाही ती चालते म्हणे. आज चतुर्थी, म्हणून मी म्हटलं, "रात्री उपास सोडल्यावर घेईन."

"गणपतीला मी सांगतो. तू गीळ आधी."

गिळली. तरी म्हातारा हलेना.

"जीभ वर कर बघू," म्हणाला, अगदी माझ्याच सुरात.

मला वाटायचं, माझ्या बसण्याचा यांना जाचच होत असेल. समोर कुणी असं बसलं की बरं वाटतं, हे आज कळलं.

मी जीभ वर केली.