भिकनच्या कादंबरीला कोणी घाबरेना

आमची पोस्ट साडेतेरा हजार फुटांवर होती. तिचं नाव सांगत नाही. मी तेव्हा नायब सुभेदार, पोस्ट कमांडर. हाताखाली अकरा जवान, त्यातले पाच खान्देशातले. हा निव्वळ योगायोग होता, पण त्याचा परिणाम पहिल्या आठवड्यातच रेशनवर दिसला. शेजारच्या पोस्टला महिनाभर पुरणारा लसूण आम्ही अकरा दिवसांत संपवायचो. कंपनी हेडक्वार्टरच्या स्टोअरवाल्यानं एकदा रेडिओवर विचारलं होतं की तुम्ही लसूण खाता की पेरता.

मी फैजपूरचा. हवालदार भिकन पाटील धुळ्याजवळच्या एका गावचा. चारचौघांत तो मला साहेब म्हणायचा आणि एरवी भाऊ. उंच, हडकुळा, बोलायला कमी. त्याला बघून कोणाला वाटलं नसतं की हा माणूस कादंबरी लिहीत असेल, आणि तीही भुताखेताची.

दिवस ठरलेला असायचा. पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज. सहाला चहा. मग बर्फ उपसणं, नऊला हत्यारांची सफाई, दुपारी दोनला हेडक्वार्टरला रिपोर्ट. दोन ते चार काही नसायचं. सिव्हिलियन लोकांना वाटतं आम्ही तिथे चोवीस तास गोळ्या झाडतो. खरं सांगायचं तर आम्ही चोवीस तास फावडं मारतो आणि दुपारी दोन तास कंटाळतो. त्या दोन तासांत भिकन लिहायचा. थंडीत शाई गोठते, म्हणून पेन्सिलीनं.

कादंबरी रक्त पिणाऱ्या माणसाची होती. तीनशे वर्षांपूर्वी मेलेला एक परदेशी साहेब, दोन लांब दात. उन्हात गेला की जळतो, लसणाच्या वासानं पळतो. सगळे व्हॅम्पायर असतात तसाच. फरक एवढाच, की भिकनचा साहेब मे महिन्यात एसटीनं धुळ्याच्या स्टँडवर उतरत होता. अंगात काळा कोट.

पहिलं प्रकरण त्यानं बंकरमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी लान्स नायक गोपाळची होती. हा यावल तालुक्यातला, केळीवाल्याचा मुलगा, तोंडाळ. कांदा चिरता चिरता थांबला.

"मे महिन्यात? धुयाले? काया कोट घालून? त्याचं रगत तं ष्टँडवरच आटीन!"

"तो रगत पेस," भिकन म्हणाला. "त्यानं सोतानं नही आटत."

"आन उन्हात जयते म्हने. धुयाले उन्हात कोन नही जयत? माहा मामा रोज जयते."

सगळे हसले. भिकननं पान उलटलं आणि लसणाचा भाग वाचला. गोपाळनं हातातली सुरी खाली ठेवली.

"मंग मेलंच ना ते बिचारं. आपल्याकडं लसूण नसलेलं रगत त्याले देईल कोन?"

भिकननं वही मिटली. भीती वाटली की नाही, एवढंच त्यानं विचारलं, "तुले भ्याव वाटना का नही, ते सांग."

"नही बुवा."

भिकनचं मागणं एकच होतं. वाचणारा घाबरला पाहिजे. रात्री एकट्यानं बाहेर जायची त्याची हिंमत होऊ नये, तर ती कादंबरी खरी. तो फार मनाला लावून घेणारा होता. तीन दिवस त्यानं वहीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी व्हॅम्पायरच्या अंगातला कोट काढून त्याला सुती सदरा दिला. पोस्टवर त्या सदऱ्यावरून जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मग शेजारच्या पोस्टला पत्ता लागला. आमच्या दोन पोस्ट आणि हेडक्वार्टर एकाच टेलिफोन लाइनवर होते. तिकडेही धुळ्याचे दोघं होते. दोनचा रिपोर्ट झाला की भिकन त्यांना फोनवर प्रकरण वाचून दाखवू लागला. हे नियमाबाहेर होतं. मला ठाऊक होतं. मी बंद केलं नाही, कारण पुढे काय होतं ते मलाही ऐकायचं होतं.

त्या दिवशी धुकं दाट होतं. वेळ दुपारी दोन चाळीस. व्हॅम्पायर गावाच्या वेशीवर येतो आणि गुराखी ओरडत पळतो, तो भाग होता. भिकन एरवी कुजबुजल्यासारखं वाचायचा, पण लोक घाबरत नाहीत म्हणून इरेला पेटलेला. त्यानं फोनमध्ये जीव खाऊन आरोळी ठोकली.

"उना रे! उना! रगत पेवाले उना!"

अहिराणीत 'उना' म्हणजे आला. हे धुळ्याच्या शेंबड्या पोराला कळतं. हेडक्वार्टरच्या एक्स्चेंजवर त्या वेळी राजबीर बसला होता, हरियाणाचा. त्यानं चुकून लाइन उघडली होती. त्याच्या कानावर एवढंच पडलं, की कोणीतरी 'उना, उना' ओरडतंय, आणि रगत, जे हरियाणातही रगतच. त्यानं आधी कोड-शब्दांची यादी बघितली. 'उना' नव्हता. मग तो थेट मेजर साहेबांकडे धावला.

दोन त्रेचाळीसला रेडिओ वाजला. "ऑल पोस्ट्स, स्टँड-टू. आय से अगेन, स्टँड-टू. ओव्हर."

अख्खी कंपनी हत्यारं घेऊन मोर्च्यात उतरली. धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. आम्हीही उतरलो, आणि भिकन सगळ्यांत आधी. आपल्यामुळे हे झालंय याची त्यालाच कल्पना नव्हती. चाळीस मिनिटं आम्ही बर्फात पोटावर पडून होतो. तीन चोवीसला मेजर साहेबांनी मला सेटवर बोलावलं.

"चौधरी साब, ये उना कौन है? ओवर."

सगळा उलगडा मला दोन सेकंदांत झाला.

"सर, उना मतलब आया. ओवर."

"कौन आया? ओवर."

"सर, व्हॅम्पायर. नॉवेल में. ओवर."

मला माझी पेन्शन डोळ्यांसमोरून जाताना दिसली. मग आवाज आला.

"फिर आगे क्या हुआ? ओवर."

त्यांनी स्टँड-डाउन दिलं. भिकनला आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला, तो योग्यच होता. पण पुढच्या दोन्ही रविवारी मेजर साहेबांनी भिकनला सेटवर घेऊन गोष्ट हिंदीतून ऐकली. भिकन सगळ्यांना सांगत सुटला की माझ्या एका शब्दावर अख्खी कंपनी घाबरली. मी म्हटलं, ते शत्रूला घाबरले, तुझ्या साहेबाला नाही. त्याला राग आला.

दुसऱ्या रविवारनंतर चार दिवसांनी, सकाळी सहा दहाला, लिंक पेट्रोल, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंतची गस्त, निघाली. भिकन आणि तिघं. सहा पन्नासला वरच्या उतारावरून बर्फ सुटलं. तिघांना आम्ही जिवंत काढलं. भिकन दुपारी सव्वाबाराला सापडला.

त्याच्या सामानाची यादी मी केली. दोन स्वेटर, दाढीचं सामान, घरची पत्रं, वह्या तीन. तिसरी वही अर्धवट होती. सामान नियमाप्रमाणे घरी गेलं.

मी रिटायर होऊन जळगावला पिंप्राळ्यात घर बांधलं, तेव्हा रेखावहिनी, म्हणजे भिकनची बायको, वास्तूला आल्या होत्या. पिशवीत तिन्ही वह्या. त्यांनी त्या कधी उघडल्या नव्हत्या.

"तुम्ही वाचा, भाऊ. लोकेसले वाचाले द्या," त्या म्हणाल्या. "लोके भ्यातस का, तेवढं माले सांगा."

मी हो म्हणालो. आयुष्यभर रिपोर्ट दिलेले, त्यात हा एक वाढला, असं वाटलं. माझ्या मुलीनं सगळं टाइप केलं आणि आम्ही ते माजी सैनिकांच्या ग्रुपवर आणि नातेवाइकांत पाठवलं. धुळ्यातल्या एका छापखान्याशी बोलून ठेवलं. आणि मग वाचकांची मतं येऊ लागली.

माझी बायको दुपारी वाचायला बसली आणि तीन वाजता घोरत होती. उठल्यावर म्हणाली, "छान आहे हो. डोळा लागला." माझ्या चुलतभावानं व्हॅम्पायर कुठल्या डेपोच्या गाडीनं आला, ते विचारलं. ग्रुपवर उन्हाच्या भागाखाली एकानं जळगावचं तापमान टाकलं आणि खाली चाळीस जणांनी हसरी तोंडं. गोपाळ आता गावी केळी करतो. त्याचा फोन आला.

"साहेब, त्याले मारू नका बरं. शेतीची लाइट रातीच येते. त्याले केयीले पानी भराले ठेवा. झोप नही, जेवन नही. असा गडी भेटत नही आता."

मी फोन आपटला. मग मलाच हसू आलं, आणि हसल्याचा राग आला.

हिवाळ्यात फैजपूरला आमच्या मळ्यात भरीत-पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, एकीकडे मिरच्या आणि ढीगभर लसूण कुटणं चाललेलं. मी ठरवलं, नीट वाचून दाखवायचं, म्हणजे गांभीर्य येईल. वीसेक माणसं होती. मी खड्या आवाजात लसणाचा भाग वाचला. ज्या बाया लसूण कुटत होत्या त्यांनी बत्ता सोडला आणि पोट धरून हसल्या. आमच्या एक अक्का आहेत, ऐंशीच्या. त्या तेवढ्या हसल्या नाहीत. मला वाटलं, सापडला माणूस.

"त्याचं लगन नही झालं का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, अक्का."

"तीनशे वरीस घरचं जेवन नही. दात वाढतीन नही तं काय! त्याले भरीत देजा रे कोनी, बिनालसनाचं."

त्यानंतर मी वाचणं थांबवलं आणि पुऱ्या खाल्ल्या.

मी फार अस्वस्थ होतो. आमच्या भिकनचं हसं झालं होतं, आणि ते मीच गावभर वाटत फिरलो होतो. छापलं तर आणखी हसतील. नाही छापलं तर वहिनींना काय सांगू? आणि शेवटही नव्हता. तिसरी वही ज्या पानावर थांबते तिथे व्हॅम्पायर एका विधवेच्या घराशी येतो. बोलावल्याशिवाय त्याला कोणाच्या घरात शिरता येत नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारतो, "मी आत येऊ का?" तिथून पुढे कोरं. शेवट काय करावा, यावर सगळ्यांनी सल्ले दिले. बायकोचा सल्ला होता, बाईनं ठेच्याची वाटी त्याच्या तोंडावर मारावी.

धुळ्याला जाऊन वहिनींना खरं ते सांगायचं मी ठरवलं. खोटा रिपोर्ट मी कधी दिला नाही. सकाळच्या बसनं निघालो, साडेअकराला त्यांच्या गावी पोचलो. वहिनी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पाणी दिलं, चहा दिला, आणि परत शेंगा पुढ्यात घेतल्या.

"भ्यानात का लोके?"

"नाही, वहिनी. हसले."

"बठ्ठा?"

"बठ्ठे. झाडून सगळे."

त्यांनी पुढ्यातली टरफलं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "शेवट वाची दखाडा."

मी चष्मा लावला आणि ते पान वाचलं. बाई आतमध्ये एकटी. दाराशी पाऊल वाजतं. आधी मेलेला, फार लांबून चालत आलेला तो माणूस. कपडे मळलेले, हात गार. उंबऱ्यापाशी थांबतो. मी आत येऊ का? मी वही मिटली आणि सांगितलं, की यापुढे भिकननं काही लिहिलेलं नाही, बाईनं काय करावं ते तुम्हीच सांगा.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय, असं बघितलं.

"हाई काय इचारानं शे? इतला दूरथीन येल माणूस. त्याले दारम्हा उभा ठेवस का कोनी? माले असं इचारं ना त्यानी, तर मी पयले ये म्हनसू. दात ऱ्हावोत नहीतर काही ऱ्हावो."

ओट्यासमोर रस्ता होता. ऊन होतं, एक शेळी होती, बाकी कोणी नव्हतं. वहिनी त्या रस्त्याकडे बघत होत्या. मीही बघायला लागलो. मग मी ओट्याच्या कडेवरून उठलो आणि मागे भिंतीशी जाऊन बसलो. पोस्टवर धुक्यात चाळीस मिनिटं पडून होतो, तेव्हा मी जागचा हललो नव्हतो.

"काय व्हयनं, भाऊ?"

"काही नाही, वहिनी. मी भ्यालो. भ्याव वाटना."

"मंग व्हयनं त्यानं काम," वहिनी म्हणाल्या, आणि शेंगा सोलू लागल्या.

त्याच ओट्यावर मी तिसऱ्या वहीत, भिकनच्या ओळीखाली, बाईचं उत्तर लिहिलं. 'ये.' एकच अक्षर, पण लिहायला वेळ लागला. छापखान्यानं पुस्तक गेल्या महिन्यात दिलं. लोक अजून काळ्या कोटावर हसतात. आता मी त्यांना अडवत नाही, फक्त शेवटपर्यंत वाचा, एवढं सांगतो. त्यातलं शेवटचं अक्षर रेखावहिनींचं आहे. बाकी सगळं हवालदार भिकन पाटील यांचं.