सिस्टरांनी स्वतः केलेली पहिली नोंद

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. नाशिक रोडच्या आमच्या हॉस्पिटलात कागदी फायली जाऊन कॉम्प्युटर आला, तेव्हा वॉर्डात सगळ्यांत आधी नोंदी करायला शिकले ती मीच. आमच्या इन्चार्ज सिस्टरांना मात्र ते जमेना. वीस वर्षं त्या याच वॉर्डात. "मी सांगते, तू टाक," म्हणायच्या. शेवटी मेट्रन मॅडमनी सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत ज्यांना आपली नोंद स्वतः करता येणार नाही, त्यांची बदली स्टोअरला.

"स्टोअरमध्ये काय करू मी? सलाइनच्या बाटल्यांना विचारू, आता कसं वाटतंय?" सिस्टर म्हणाल्या. आम्ही हसलो. त्या नाही हसल्या.

आम्हा नर्सेसची तेव्हा एक सवय होती. सकाळी बीपी, शुगर तपासायची, खाटेचा नंबर आणि आकडा तळहातावर पेनाने लिहायचा, आणि सगळा वॉर्ड संपला की कॉम्प्युटरपाशी बसून एकदम टाकायचं. त्या दिवशीही मी तेच केलं. डॉक्टरांनी इंदिरानगरच्या घरूनच मोबाइलवर आकडे पाहिले आणि नांदगावच्या एका आजींना इन्सुलिन लिहिलं. मी आजींना नावाने हाक मारली, त्यांनी ओ दिली. इंजेक्शन भरून मी त्यांच्यापाशी गेले.

"थांब," मागून सिस्टर म्हणाल्या. "यांना शुगर कधीपासून?"

"कॉम्प्युटरवर आहे, सिस्टर."

"असू दे. परत बोट टोच."

टोचलं. शुगर अगदी नॉर्मल. भरलेलं इंजेक्शन मी ट्रेमध्ये परत ठेवलं.

खुलासा आजींनीच केला. "मला पंख्याचं वारं सोसत नाय, बाई. शेजारच्या मावशीला लय उकडत व्हतं. मंग पहाटंच केली अदलाबदल. काय बिघडलं?"

खाटा बदलल्या होत्या आणि मी नंबर बघून मावशींची शुगर आजींच्या नावावर टाकली होती.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते चिडले नाहीत. "तुमच्या वॉर्डात काही महिने कागदच ठेवू या का? मेट्रनशी मी बोलतो." मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांची बदली आपोआप टळत होती.

त्यांनी फोन घेतला. "नको डॉक्टर. कागदावरसुद्धा हिने खाटेचा नंबरच लिहिला असता."

डॉक्टरांना विचारून मावशींना इन्सुलिन दिलं. चुकीची दुरुस्ती इन्चार्जच्या लॉगिनने करावी लागते. सवयीने मी खुर्चीत बसले.

"ऊठ. माझ्या नावाने जाणार ना? मग मीच करते."

एका बोटाने, चष्मा वर-खाली करत त्यांनी ती नोंद केली. मध्येच "अगं, हे कुठे गेलं आता?" चालूच. शेरा लिहिला : खाटा बदलल्या होत्या, नाव न विचारता नोंद झाली, दुरुस्त केली. माझं नाव कुठेच नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी कॉम्प्युटरची ट्रॉली ढकलत खाटेखाटेपाशी जायला लागलो. मी नाव विचारायचे, तपासायचे, त्या तिथेच आकडा टाकायच्या. महिनाअखेर मेट्रन मॅडम मागे उभ्या राहून बघून गेल्या. नव्या ड्यूटी लिस्टवर सिस्टर आमच्याच वॉर्डात होत्या.

"पेढे तू आणायचेस," मला म्हणाल्या. "पास मी झाले, पण मास्तरीण तू."

मी आणले. पहिला त्यांच्या हातावर ठेवला आणि वाकून पाया पडले.

"अगं ऊठ, वॉर्ड आहे हा! बीपी राहिलेत सगळे."