चारशे मीटर उजेड

पाणीखात्यात त्याला सगळे घारभाऊ म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथंच राहिलं. पाण्याच्या टाक्या रिकाम्या झाल्या की आत उतरायचं, भिंती तपासायच्या आणि कुठं भेग पडली आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. सत्तावीस वर्षं तेच. केसाएवढी भेग असली तरी चालता चालता थबकायचा, बोट टेकवायचा आणि म्हणायचा, "इथं." मग ती तिथंच असायची. माणूस मात्र महातिरसट. कौतुक केलं तर चिडायचा, नाही केलं तर त्याहून जास्त.

त्या दिवशी तर तो घरून निघतानाच धुमसत होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. टेकडीवरची जमिनीतली मोठी टाकी वर्षातून एकदाच रिकामी करतात, सकाळी आठ ते दुपारी चार. त्या टाकीच्या खालच्या गल्लीत त्याच्या थोरल्या बहिणीचं घर. तीन वर्षांपासून ताईच्या मागच्या भिंतीला ओल येत होती. ताई म्हणायची, टाकी गळते. तिनं तक्रार केली, आणि तपासायला गेला कोण? हाच. त्यानं लिहून दिलं, "भेग नाही," आणि खाली सही ठोकली. दुसऱ्या वर्षी तेच. तेव्हा ताई भर गल्लीत म्हणाली, "अरे, सकाळी सकाळी ओल वाढते, दुपारपर्यंत ओसरते. टाकीचंच पाणी आहे." हा म्हणाला, "ओल काय घड्याळ बघून येते? तुझी मोरी गळत असेल, ती बघ आधी." लोक हसले. त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं बंद.

आता भिंतीला पोट आलं होतं. खात्यानं कळवलं होतं की ही शेवटची तपासणी. भेग निघाली तर भिंत खातं बांधून देईल. नाही निघाली तर तक्रार कायमची बंद, आणि धोकादायक म्हणून ताईनं महिन्यात घर रिकामं करायचं. घारभाऊला भेग सापडावी असंही वाटत होतं आणि सापडू नये असंही. सापडावी म्हणजे ताईचं घर राहील. सापडू नये, कारण मग गेल्या दोन सह्यांचं काय?

असा सगळा घोळ डोक्यात घेऊन तो टाकीच्या झाकणापाशी पोचला, तर तिथं इंजिनियर मॅडम एक पेटी घेऊन उभ्या. त्यांनी पेटी उघडली. आत काळ्या स्पंजात एक टॉर्च. टॉर्च कसली, तोफच! तोंड जेवणाच्या ताटाएवढं, वर धरायला मूठ, खांद्याला पट्टा, वजन भरलेल्या कळशीला लाजवेल असं.

"नवीन आली आहे," मॅडम म्हणाल्या. "आज हिचीही परीक्षा घ्यायची. तुम्ही पास केलीत तर सगळ्यांना हीच देणार. हा चौदा प्रश्नांचा फॉर्म."

"माझी दोन सेलची बॅटरी आहे ना," घारभाऊ म्हणाला.

"ती आज माझ्याकडे द्या. नाहीतर तुम्ही तीच वापराल आणि हिच्यावर काहीतरी खरडून द्याल. मी ओळखते तुम्हाला."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण साहेब म्हणजे साहेब, मग ती बाई का असेना. त्यानं खिशातली बॅटरी काढून दिली. तिची काच तडकलेली, बुडाला दोरा बांधलेला. अकरा वर्षांची सोबत.

शिडीवाला त्याचा जुना सोबती, वयानं दोन वर्षं मोठाच. त्यानं पेटीवरचा कागद वाचला. "घारभाऊ, उजेड चारशे मीटर जातो म्हणे."

"टाकी तीस मीटरची आहे," घारभाऊ म्हणाला. "उरलेला तीनशे सत्तर मीटर काय शेजाऱ्यांना वाटायचा?"

दोघं आत उतरले. खाली घोट्याएवढा चिखल, जाडजूड खांबांच्या रांगा, आणि कोंदट गारवा. घारभाऊनं बटण दाबलं आणि दोघांनीही डोळे मिटले. टाकीत जणू भरदुपार झाली. हवेतली वाफ पांढरीफटक होऊन समोर उभी राहिली, आणि ओल्या भिंतीवरून उजेड असा उलटा आला की घारभाऊच्या डोळ्यांपुढं हिरवे-निळे ठिपके नाचायला लागले.

आता त्याची पद्धत समजून घ्या, म्हणजे त्याचा राग कळेल. भेग शोधायची तर भिंतीवर समोरून उजेड मारायचा नसतो. बॅटरी भिंतीला गाल टेकवल्यासारखी आडवी धरायची, उजेड भिंतीला घासत गेला पाहिजे. मग बारीकशा भेगेचीही सावली पडते आणि ती स्वतःहून बोलते. त्याला उजेड मंदच बरा. आता हे ताटाएवढं थोबाड भिंतीला आडवं टेकवणार कसं? टेकवलं तर उजेड एक वीत लांबून जायचा. समोरून मारला तर भिंत कशी अगदी नव्या नवरीसारखी गोरीपान, कुठं डाग नाही की सुरकुती नाही.

"उजेड कमी कर की," शिडीवाला म्हणाला.

त्यालाही बटण एकच. एकदा दाबलं की जरा कमी, दुसऱ्यांदा आणखी कमी, आणि तिसऱ्यांदा लुकलुक, लुकलुक, अशी की डोकं गरगरावं. चुकून एकदा जास्त दाबलं गेलं की झालीच लुकलुक सुरू. घारभाऊचा अंगठा चिखलानं माखलेला, त्यामुळं दर पाच मिनिटांनी हा तमाशा. वर तिच्या पोटात पंखा, तो घोंघावायचा. चार-पाच मिनिटं पूर्ण उजेड दिला की बाई तापायच्या आणि न सांगता मंद व्हायच्या. नेमका तो भिंतीवर काहीतरी बघत असायचा तेव्हाच.

"तापट आहे, काम कमी आणि कुरकुर जास्त," शिडीवाला म्हणाला. "तुमचं दोघांचं जमायला हरकत नाही."

"गप बस आणि शिडी सरकव."

दुपारी एक वाजला तरी हाती काही नाही. खांदा भरून आला, मनगट सुजलं. चार भिंतींपैकी तीन झाल्या. चौथी ताईच्या बाजूची. ती त्यानं तीन-तीनदा तपासली. उजेड समोरून, तिरपा, खालून. काही नाही. आता त्याला निराळीच शंका छळायला लागली. टॉर्च वाईट आहे, का आपले डोळे गेले? वय त्रेपन्न. चष्म्याचा नंबर वाढून वर्ष झालं होतं आणि त्यानं तो कोणाला सांगितला नव्हता. म्हणजे गेल्या वर्षी "भेग नाही" लिहिलं ते भेग नव्हती म्हणून, की दिसली नाही म्हणून? हा विचार आला आणि तो स्वतःवरच असा चिडला की त्यानं तोफ चिखलात आदळली. ती मजबूत निघाली. एवढाच काय तो तिचा गुण, असं तो शिडीवाल्याला म्हणाला.

साडेतीन वाजता वरून मॅडमची हाक आली, "आवरा! चारला पाणी सोडायचं. फॉर्म भरलात का?"

त्यानं चिडून फॉर्म बाहेर काढला. हातात धरायला कशी वाटते: उत्तम, बरी, ठीक. "अवघड जागचं दुखणं" असा पर्याय नव्हता. नववा प्रश्न होता: छत व उंच भाग नीट दिसतात का?

"छत कोण बघतो?" तो म्हणाला. "तिथं पाणीच नसतं."

आणि हे खरंच होतं. टाकी तपासणाऱ्यांची ही पिढीजात रीत. भिंतीवर जिथपर्यंत पाणी उभं राहतं तिथं काळपट पट्टा उमटतो. त्याला ते पाणरेघ म्हणतात. पाणरेघेपर्यंत तपासायचं, तिच्यावर नाही. जिथं पाणी पोचत नाही तिथून गळणार काय, कपाळ? घारभाऊच्या गुरूनं त्याला हेच शिकवलं, आणि यानं पुढच्या चौघांना. त्याच्या दोन सेलच्या बॅटरीचा उजेडही तेवढ्याच उंचीपर्यंत धड जायचा.

पण फॉर्म भरायचा म्हणून त्यानं तोफ वर वळवली. बटण दाबलं. पाणरेघेच्या वरची सगळी भिंत, कधी न बघितलेली, लख्ख समोर आली. काळ्या पट्ट्याच्या वर हातभर अंतरावर आणखी एक पट्टा होता, फिकट, पिवळसर. नवी पाणरेघ. आणि दोन रेघांच्या मधोमध, जास्तीचं पाणी बाहेर जायचा नळ जिथं भिंतीत शिरतो तिथं, गंजाचा तांबडा ओघळ उतरला होता.

घारभाऊनं उजेड त्या ओघळावर धरून ठेवला.

"वरचा पंप," शिडीवाला हळूच म्हणाला. "बदलला ना. तीन वर्षं झाली. नवा पंप पहाटे टाकी काठोकाठ भरतो, आणि लोकांनी नळ सोडले की पाणी खाली उतरतं."

"माहीत आहे मला!" घारभाऊ ओरडला. पंप बदलल्याचं त्याला खरंच माहीत होतं. फक्त पंपाचं खातं वेगळं आणि त्याचं वेगळं, म्हणून डोक्यात दोन्ही कधी एकत्र आलंच नव्हतं.

तो शिडी चढला. ते धूड खांद्याला लटकावून चढताना त्याच्या नाकी नऊ आले. वर नळाच्या कडेनं भेग होती. केसाएवढी नाही, चांगली करंगळीचं नख जाईल एवढी, हातभर लांब, ताईच्या गल्लीच्या बाजूला गेलेली. त्यानं चाकूचं टोक घातलं. आतला गाळ दगडासारखा घट्ट बसला होता. असा गाळ वर्षभरात बसत नाही. पहाटे टाकी भरली की पाणी भेगेतून जाणार, दुपारी पातळी उतरली की थांबणार. ताई नेमकं हेच सांगत होती आणि लोक हसले होते.

बाहेर आल्यावर त्यानं मॅडमना सांगितलं. त्या खूश झाल्या. "बघा! म्हणजे टॉर्च पास. आणि भेग नवीन म्हणून लिहा, विषय मिटला. तुमच्या बहिणीला भिंतही मिळेल."

"नवीन नाही ती. तीन वर्षांची आहे."

"अहो, कोण विचारतंय? मागच्या दोन्ही अहवालांवर तुमची सही आहे. उगीच कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता?"

घारभाऊनं कठड्यावर बसून आधी टॉर्चचा फॉर्म भरला. जड, बटण वाईट, तापते, वाफेत निरुपयोगी, जवळच्या कामाला घेऊ नये. उंच भागासाठी प्रत्येक टाकीला एक हवीच. हे शेवटचं वाक्य लिहिताना त्यानं पेन इतकं दाबलं की कागद फाटला. मग भेगेचा अहवाल लिहिला. "भेग किमान तीन वर्षांची. मी पाणरेघेच्या वर बघितलं नाही. मागचे दोन्ही अहवाल चुकीचे." सही केली, मॅडमकडे दिली, एक प्रत मागून घेतली आणि तशाच चिखलाच्या पायांनी खालच्या गल्लीत गेला.

ताई दारातच भेटली. फडकं पिळत होती.

"ताई," तो म्हणाला, "भेग सापडली. तुझंच खरं होतं. तीन वर्षांची आहे."

तिनं फडकं झटकलं आणि दोरीवर टाकलं. "मला काय सांगतोस? मला माहीतच होतं. आत जा आणि तुझ्या दाजींना सांग."

"दाजींना? त्यांना काय..."

"तू सही केलीस त्या दिवसापासून ते मलाच धरून बसलेत. तूच नळ उघडे टाकतेस, तूच घर सडवलंस. म्हणतात, सख्खा भाऊ खोटं लिहील का? दोन वर्षं झाली, रोज. मोरीत तांब्याभर पाणी ओतायचं तरी मला भीती वाटते रे. भांडी बाहेर आणून घासते मी. कालच म्हणाले, घर गेलं तर ते तुझ्यामुळं."

घारभाऊला हे काहीच ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, भांडण भिंतीचं आहे.

तो आत गेला. दाजी खुर्चीत बसले होते, मागच्या भिंतीकडं पाठ करून. त्याला बघून त्यांचा चेहरा खुलला. "ये, ये. काही निघालं नाही ना? मी हिला सांगतच होतो."

"निघालं, दाजी. टाकीच गळते. ताईचं खरं होतं, चूक माझी आहे."

दाजी खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "तोंडानं कोणीही बोलेल. बहिणीची कीव आली असेल. लेखी आहे का काही?"

त्यानं खिशातून प्रत काढून दिली. दाजींनी चष्मा लावला. आधी खालची सही बघितली, मग वरून वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

"मोठ्यानं वाचा," ताई दारातून म्हणाली. "मला ऐकायचंय."