विष ओढणारी लालिंग

रविवार, ९ मार्च २००८. मोठ्या मिस्साला फादर उशिरा आले, प्रवचन मात्र लांबवलं. दुपारी नेनिताच्या जोविलिनला घरच्याच कुत्र्याच्या पिल्लाने पोटरीला चावा घेतला. लालिंगने शिंग लावलं. शिंग धरेना, म्हणून तोंडानेच ओढलं. संध्याकाळी पिल्लू मेलं. तुरीच्या दाण्यांत घातलेला फणस जून निघाला.

पेर्पेतुआबाईंनी एवढं लिहिलं आणि वही मिटायच्या आधी एकदा वाचलं. पिल्लू मेलं, या दोन शब्दांवर त्यांची नजर अडकली. शहरातल्या नन्सच्या शाळेत त्यांना शिकवलं होतं की जे घडलं तेवढंच लिहावं, जे वाटलं ते देवाला सांगावं. तेव्हापासून नवरा गेला त्या दिवसापर्यंत आणि त्यानंतरही त्यांनी रोज असंच लिहिलं होतं. पण आज जे घडलं त्यातच काही तरी बरोबर नव्हतं. पिल्लू दोन दिवस जिन्याखाली लाळ गाळत पडलं होतं, लाकूड कुरतडत होतं. दात येताहेत, असं जोविलिनची आई नेनिता म्हणाली होती. दात येऊन कुणी मरत नाही.

लालिंग शेजारच्याच घरात राहायची. पूर्ण नाव एउलालिया पाबिलोना, पण पानाय बेटाच्या त्या किनाऱ्यावर तिला या नावाने कुणी ओळखत नव्हतं. लग्न केलं नाही. भाचा क्रिसांतो आणि त्याची बायको फेलिसा यांच्याबरोबर राहायची. हरणाच्या शिंगाचा बोटभर पोकळ तुकडा तिला आजीकडून मिळाला होता, आणि त्याबरोबर कामही. कुत्रं चावलं की माणूस आधी लालिंगच्या अंगणात यायचा. येताना जखम धुवायची नाही, हा नियम. पाण्याने विष आत जातं. ती वस्तऱ्याने जखमेवर बारीक चिरा द्यायची, शिंगाचं रुंद तोंड त्यावर दाबायची, टोकाच्या भोकातून हवा ओढून घ्यायची आणि तोंडात धरलेलं मेण जिभेने दाबून भोक बंद करायची. शिंग चिकटून राहिलं तर आत विष आहे. आपोआप गळून पडलं की विष निघालं, घरी जा, डुकराचं मांस खाऊ नकोस. मोबदला म्हणून अंडी घ्यायची, नाही तर कोंबडी, नाही तर काहीच नाही. तिला हवा असायचा मान, आणि तो तिला भरपूर मिळायचा. तीनचाकीवाला तिच्याकडून भाडं घेत नसे. चर्चमध्ये तिच्यासाठी पुढच्या बाकावर जागा सुटायची, शिकलेल्या पेर्पेतुआबाईंसाठी सुटायची नाही. याबद्दल बाईंनी देवाकडेही तक्रार केली नव्हती, पण दर रविवारी ते त्यांच्या लक्षात यायचं.

त्या रविवारी जोविलिनची पोटरी काठीसारखी बारीक, त्यात पोर किंचाळत पाय झाडत होती. शिंग पुन्हा पुन्हा घसरलं. जखमेवर चिखल होता, पिल्लाची लाळ होती, रक्त होतं. लालिंगने शिंग बाजूला ठेवलं आणि सरळ तोंड लावलं. आजी असंच करायची, म्हणाली. मग केळीच्या मुळाशी थुंकली आणि विड्याचं पान गालात कोंबलं. त्या गालातली दाढ तिने नुकतीच उपटून घेतली होती, खड्डा अजून भरला नव्हता. कुंपणापलीकडून पेर्पेतुआबाईंनी हे सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेनिताला झोपेतून उठवलं आणि पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. नेनिता वाटभर कुरकुरत होती. नांग लालिंगला, लालिंगताईला, कळलं तर तोंड कसं दाखवायचं, म्हणत होती. नर्सने पहिलं विचारलं ते जखम साबणाने धुतली का. नाही म्हटल्यावर तिने नळाखाली पोटरी धरून एवढी घासली की पोर पिल्लू चावलं तेव्हाही रडली नव्हती तेवढी रडली. घासता घासता ती सांगत होती. विषाणू लाळेतून शिरतो. रक्तात फिरत बसत नाही, नस धरतो, आणि नसेवरून मुंगीच्या चालीने मेंदूकडे चढतो. वाटेत आहे तोवर सुई त्याला गाठते. मेंदूत पोचला की डॉक्टरही नाही आणि देवही नाही. मग तो मेंदूतून उतरून थुंकीत येऊन बसतो, कारण त्याला पुढच्या घरी जायचं असतं. घसा असा आवळून टाकतो की माणूस आपली थुंकीसुद्धा गिळू शकत नाही.

"पायापासून मेंदू लांब आहे, म्हणून पोर वाचेल," नर्स म्हणाली. "तोंड कुणी लावलं?"

पेर्पेतुआबाईंनी नाव सांगितलं. तोंडापासून मेंदू केवढा जवळ, हे नर्सने सांगायची गरज पडली नाही. तिने एवढंच म्हटलं की त्या बाईलाही आणा, आजच्या आज.

लालिंगने कुंपणाशी उभ्याने ऐकून घेतलं आणि हसली. "आयुष्यभर विष तोंडात धरलं मी, पेता. आता एका पिल्लाचं बाधेल होय? उद्या म्हणशील मासा पाण्यात बुडाला."

पण ती घाबरली होती. गुरुवारी पेर्पेतुआबाई जोविलिनला दुसऱ्या सुईसाठी घेऊन गेल्या, तर बाकाच्या टोकाला डोक्यावरून ओढणी घेतलेली लालिंग. त्यांनी सरकून जागा केली. लालिंग बसली. दोघींच्या मध्ये पोर पाय हलवत बसली होती.

मग खिडकीतून नर्सने मोठ्याने हाक मारली, "एउलालिया पाबिलोना! कशानं चावलं? कुत्रं की मांजर?"

सगळा बाक वळला. ओढणीने काही झाकलं गेलं नाही.

"नांग लालिंगला कोण चावणार? कुत्र्यालाच विष बाधेल," एक माडी काढणारा म्हणाला, आणि लोक हसले.

"शिंग बोथट झालं असेल. धार लावून मिळते का इथं, नांग?"

"अगं, शिंगाला टोचून घ्यायला आणलंय तिनं."

हसू ओसरल्यावर पलीकडच्या बाकावरची बेनिल्दा उठली. तिच्या नवऱ्याला आदल्या वर्षी कुत्रं चावलं होतं आणि त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याला मासे सुकवायच्या शेडमध्ये बांधून ठेवावं लागलं होतं. तिने आवाज चढवला नाही.

"तू म्हणालीस शिंग पडलं, निघालं सगळं, घरी जा. तो घरी आला. मी म्हटलं, सुई घेऊ या. तो म्हणाला, नांग लालिंगचा अपमान करायचा का? मग आज तू इथं काय करतेस?"

लालिंगचा चेहरा दगडासारखा झाला. सुई घेतली तर आपण जगू, हे तिला त्या क्षणी नक्की ठाऊक होतं. आणि सुई घेतली तर अंगण ओस पडेल, हेही.

"मला कुठं काय झालंय," ती म्हणाली. "मी पेताला तिच्या घराची किल्ली द्यायला आले."

तिने पेर्पेतुआबाईंकडे पाहिलं. बाईंनी हात पुढे करायचा, एवढंच करायचं होतं. पेर्पेतुआबाईंना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि त्या घटकेला तशी इच्छाही झाली नाही.

"कसली किल्ली?" त्या म्हणाल्या.

या वेळचं हसणं आधीच्यापेक्षा मोठं होतं. लालिंग उठली, ओढणी काढून खांद्यावर टाकली आणि ताठ मानेने बाहेर पडली. नर्सने आणखी एकदा नाव पुकारलं आणि मग जोविलिनला आत घेतलं.

पेर्पेतुआबाईंनी नंतर तिला सांगून पाहिलं. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात जा, तिथे कुणी ओळखत नाही. लालिंग कोंबड्यांना दाणे टाकत होती. "नन्सनी तुझी जीभ साबणानं धुतली होती ना? तो साबण उरला असेल तर पाठव," ती म्हणाली आणि पाठ फिरवली.

गुड फ्रायडेला ती नेहमीप्रमाणे टेकडीवर गेली, शिंग खोबरेल तेलात उकळलं, वर्षभराची ताकद भरून घेतली. खाली आली ती नवी गोष्ट घेऊन. दवाखान्यात ती मुद्दाम गेली होती, सुया किती विष आत ठेवतात ते बघायला. सुईवाल्यांचं रक्त पातळ होतं, पाहा त्यांचे चेहरे. लोकांनी आधी ऐकून घेतलं, मग मान डोलावली, मग पुन्हा यायला लागले. एप्रिल संपेपर्यंत अंगण पूर्वीसारखं भरायला लागलं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर तिची जागा होती. पेर्पेतुआबाई मागच्या बाकावरून तिच्या मानेकडे बघत आणि त्यांच्या मनात येई की कदाचित सुटली असेल. असे लोक सुटतातही.

मे महिन्यात लालिंगच्या जबड्यात मुंग्या यायला लागल्या. दाढेच्या खड्ड्यात, मग कानामागे. तिने लवंग धरली. ताप आला. एका सकाळी फेलिसाने पाण्याचा पेला पुढे केला आणि लालिंगचा गळा त्याच्याकडे नुसतं बघूनच आवळला, मान मागे फेकली गेली, पेला भिंतीवर आपटला. हीच परीक्षा ती आयुष्यभर दुसऱ्यांची घेत आली होती. शिंग लावण्याआधी पेला पुढे धरायचा, आणि पेल्याला जो घाबरला त्याला हात न लावता घरी पाठवायचं. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"पंखा बंद कर, वारा सोसत नाही," ती फेलिसाला म्हणाली. "आणि दार लाव. लोकांना दाढ म्हणून सांग."

क्रिसांतोने दार लावलं नाही. त्याने तिला जाळ्याच्या दोरीने बांबूच्या बाकड्याला बांधलं आणि बाकड्यासकट तीनचाकीवर आडवं टाकून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. भाडं यावेळी द्यावं लागलं. इस्पितळाने तिला धुण्याच्या नळांमागच्या खोलीत ठेवलं. खोलीला गज होते. दुपारपर्यंत गावातले लोक भाजलेले शेंगदाणे खात खिडकीशी उभे राहिले. मुलांना खांद्यावर बसवून दाखवत होते. झटका आला की ती बाकड्यासकट उचलली जायची आणि तोंडातून लाळेच्या तारा लोंबायच्या, गिळता येत नव्हत्या म्हणून. झटका ओसरला की ती सगळ्यांना ओळखायची. यातलं सगळ्यांत वाईट हेच होतं. डोकं शेवटपर्यंत साफ होतं.

पेर्पेतुआबाई आत गेल्या तेव्हा डॉक्टर तिला विचारत होते की गेल्या आठवड्यात कुणाच्या जखमेला तोंड लावलं का, कुणाला शिंग लावलं का. तिच्या थुंकीत आता तेच होतं जे पिल्लाच्या थुंकीत होतं.

"कुणाला नाही," लालिंग म्हणाली. "मी पडून होते. दाढ दुखत होती."

"शुक्रवारी पिलो आला होता," पेर्पेतुआबाई म्हणाल्या. "होडीवाला. तू त्याच्या अंगठ्याला तोंड लावलंस."

लालिंगने मान वळवली. डोळे स्वच्छ होते. "तुला काय मिळतं गं, पेता? पुढचा बाक?"

"पिलोला चार पोरं आहेत, लालिंग."

लालिंगने तोंडात जमलेलं जमू दिलं. मग थुंकली, सगळं, नेम धरून. पेर्पेतुआबाईंच्या डोळ्यात गेलं, ओठावर आलं. आजाराचा झटका येऊन गेला होता आणि पुढचा अजून आला नव्हता. हे तिने स्वतः केलं.

त्यांनी नळाखाली चेहरा धरला, साबणाने धुतला, डोळा उघडा ठेवून पाणी सोडलं. त्याच दुपारी त्यांच्या दंडात सुई गेली. संध्याकाळी पिलोला शोधून आणलं. तो नर्सला शिव्या देत होता, पेर्पेतुआबाईंना तर जास्तच.

लालिंग दुसऱ्या दिवशी मेली. इस्पितळाने पेटी खिळे ठोकून बंद करूनच दिली आणि त्याच दिवशी पुरायला लावलं. स्मशानाच्या वाटेवर दंड चोळत चाललेला पिलो पहिल्यांदा म्हणाला, की तिला माहीत होतं. पोरीचं विष एवढं जबर होतं की ते बाहेर टाकलं असतं तर केळी जळाली असती, म्हणून तिने गिळलं. पुढच्या वळणावर हे चारजण बोलत होते. पेटी खड्ड्यात उतरेपर्यंत सगळ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. बेनिल्दानेसुद्धा मेणबत्ती लावली. नेनिता जोविलिनला पेटीजवळ नेऊन तिच्याकडून फुलं टाकून घेत होती.

"तुझ्या पोरीला चारही सुया दिल्यात," पेर्पेतुआबाई तिला म्हणाल्या. "मी नेलं होतं तिला."

नेनिताने डोळे पुसले. "सुया काय, सगळ्यांनाच देतात, नांग पेता. माझ्या पोरीसाठी मेलं कोण?"

विष पोरीच्या पायातून लालिंगच्या तोंडात गेलं होतं, हे खरंच होतं. तेवढं खरं गावाला पुरलं, आणि बाकीचं पेर्पेतुआबाई एकट्याच घेऊन घरी आल्या.

शेजारच्या अंगणात एक ऊसतोड्या स्टुलावर बसला होता. पायाला चिखल, घोट्याशी दात उमटलेले. फेलिसा समोर उकिडवी बसून शिंगाच्या टोकातलं जुनं मेण काडीने कोरून काढत होती. तिने अजून काळा पोशाख उतरवला नव्हता.

"आधी पाय धू," पेर्पेतुआबाई कुंपणावरून म्हणाल्या.

माणसाने पाय आखडून घेतला आणि फेलिसाकडे पाहिलं.

"पाण्यानं विष आत जातं," फेलिसा त्याला म्हणाली, बाईंकडे न बघता, आणि शिंग ओठांत धरलं.

पेर्पेतुआबाई आत गेल्या. दिवा लावला, वही काढली, तारीख घातली. त्या संध्याकाळी त्यांनी एकच ओळ लिहिली. तांदळात किडे झाले. निवडून, तमालपत्रं घालून डबा पुन्हा भरला.