खोतकाकांची सही

नवी बंदूक हातात आली की खोतकाका आधी तिचा वास घेत. नेम धरून पाहणे, घोडा ओढून पाहणे हे सगळे नंतर. "पुसून पाठवलीय, चालवून नाही," असे म्हणून ते खोक्यावर खडूने एक आडवी रेघ मारत. माझा अजून विश्वास बसलेला नाही, असा त्या रेघेचा अर्थ असे.

शारजाच्या औद्योगिक भागात आमच्या कंपनीचे ऑफिस होते. परदेशी कारखान्यांची शस्त्रे सरकारी पथकांना दाखवायची आणि त्यांच्या चाचण्यांचे अहवाल द्यायचे, हा धंदा. नव्वदचे दशक संपत आले होते. मी तिथे अहवाल टाइप करायला लागले, ती माझी पहिलीच नोकरी. मी शारजातच वाढलेली, त्यामुळे माझे मराठी निम्मे इंग्रजी. खोतकाका कराडचे. भारतात शस्त्रतपासणीत वीस-बावीस वर्षे घालवून इकडे आलेले. पहिल्याच दिवशी मी विचारले, "सर, व्हेलॉसिटी ब्रोशरमध्ये दिलीच आहे, कॉपी करू?" ते शांतपणे म्हणाले, "ब्रोशरमधली गोळी कधी कुणाला लागलीय का गं?" आठवडाभरात 'सर' गळून पडले आणि ते माझे काका झाले.

त्या उन्हाळ्यात घडीची कार्बाइन आली. गोळी पिस्तुलाचीच, पण नळी लांब. बिजागरीवर मधोमध दुमडली की ऑफिसच्या बॅगेत मावायची. तेलवाहिन्यांवर जीपमधून गस्त घालणाऱ्या एका पथकाला ती हवी होती. आमचे मॅनेजर खन्नासाहेब ती बॅग घेऊन ऑफिसभर मिरवले.

काकांनी तिच्यावर अन्याय केला नाही. एसी लावलेल्या रेंजवर त्यांनी गोळ्यांचा वेग यंत्रावर मोजला. लांब नळीमुळे तीच गोळी पिस्तुलापेक्षा चांगल्या वेगाने जात होती. पन्नास मीटरवर दहा गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. "वेगाला नाव ठेवायला जागा नाही, लिही," ते म्हणाले. खन्नासाहेब खूश झाले. "तो फिर खलास, खोतजी? साइन कर दो."

"एसीत सगळेच शहाणे असतात, साहेब," काका म्हणाले.

मग त्यांनी स्वतः ती कार्बाइन दोनशे वेळा दुमडली आणि उघडली. प्रत्येक वीस वेळांनंतर मी वहीत खूण करायची. त्यानंतर ती बंद जीपमध्ये ऑगस्टच्या उन्हात ठेवली आणि दुपारी उघड्या रेंजवर नेली. नेम धरायचे एक टोक तिच्या पुढच्या नळीवर होते आणि दुसरे मागच्या भागावर. बिजागरी सैल झाली की दोन्ही टोके एका रेषेत राहत नव्हती. आता गोळ्या चार बोटे डावीकडे जात होत्या. पुन्हा दुमडून उघडली, तर वीतभर खाली. कारखान्याने पाठवलेल्या बाकीच्या दोन नमुन्यांवरही हेच केले; तिन्हींत तेच. काकांनी घाम पुसला आणि मला सांगितले, "लिही, दुमडल्यावर भरवसा नाही."

खन्नासाहेबांनी अहवाल वाचून दार लावून घेतले. शेवटची दोन पाने काढा, असे त्यांचे म्हणणे. असे दोनशे वेळा कोण दुमडतो? काका म्हणाले, "जो रोज जीपमध्ये चढतो, तो. आणि त्याच्यासमोर जो उभा असेल, तो तुम्हाला पुन्हा नेम धरायला वेळ देणार नाही."

त्यांनी सही केली नाही. खन्नासाहेबांनी दोन पाने काढून स्वतःच सही ठोकली.

पथकाचे मेजर प्रात्यक्षिकाला आले तेव्हा काकांना फक्त शेजारी उभे राहायचा हुकूम होता. मेजरनी दहा गोळ्या झाडल्या. सगळ्या मध्यभागी, कारण खन्नासाहेबांनी कारखान्याकडून चौथा, कोरा, न दुमडलेला नमुना मागवला होता. मेजर समाधानाने मान हलवत होते, तेवढ्यात काका पुढे झाले आणि आमचा तपासलेला नमुना घडी घातलेला तसाच त्यांच्यासमोर धरला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सर, ही उघडा आणि लगेच झाडा. तुमच्या शिपायासारखी."

खन्नासाहेब मध्ये पडले. "खोतजी, पीछे हटिए." काका हटले नाहीत. मेजरनी दोघांकडे पाहिले, अरबीत "यल्ला," म्हणजे चला, म्हणाले आणि कार्बाइन उघडून झाडली. पाच गोळ्या. दोन लक्ष्याच्या कडेला लागल्या, तीन कागदावर नव्हत्याच. मेजर स्वतः चालत लक्ष्यापर्यंत गेले, परत आले आणि काकांना विचारले, "हे तुम्हाला माहीत होते?"

"लिहिलेही होते, सर," काका म्हणाले.

मेजरनी फाइल मिटली. व्यवहार तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी काकांचा व्हिसा रद्द करायचे कागद निघाले. रास अल खैमात एका कारखान्याने त्यांना तपासनीस म्हणून घ्यायची तयारी दाखवली होती, पण तेव्हा जुन्या मालकाच्या एनओसीशिवाय नवी नोकरी धरता येत नसे. उलट देश सोडल्यावर परत यायलाही बंदी लागे. खन्नासाहेबांनी अट घातली, की चाचणीत आपली चूक झाली, असे काकांनी लिहून द्यावे आणि एनओसी घेऊन जावे. ते पत्र टाइप करायचे काम माझ्याकडे आले. मी ते टाइप केले. हे मला लपवायचे नाही.

कागद समोर ठेवला तेव्हा काकांनी तो दोनदा वाचला. मी हळूच म्हणाले, "काका, करा ना सही. It's only a letter. तुम्हाला ती नोकरी मिळेल."

"अगं, नोकरी मिळेल," ते म्हणाले, "पण मग माझ्या बाकीच्या सह्यांचं काय करायचं? इतकी वर्षं केल्यात."

त्यांनी पेन उघडले, टाइप केलेल्या सगळ्या ओळींवर एकच तिरकी काट मारली आणि खाली स्वच्छ अक्षरात इंग्रजीत लिहिले, "चाचणी बरोबर होती. तीनही नमुने सदोष आहेत." त्याखाली सही केली, तारीख घातली. खन्नासाहेब लाल झाले. म्हणाले, असल्या कागदाला साक्षीदाराशिवाय काही अर्थ नाही.

त्या दोनशे घड्यांच्या खुणा माझ्या हातच्या होत्या. माझ्या वडिलांचा व्हिसा वेगळा होता, माझा याच कंपनीचा, म्हणजे खन्नासाहेबांच्या हातातला. मी काकांच्या हातातून पेन घेतले आणि त्यांच्या सहीखाली माझे पूर्ण नाव लिहिले.