वसंताचा समुद्र, माझा पडदा

बातमी आली तेव्हा मी एका नव्या जोडप्याला "हलू नका" म्हणत होतो. नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या स्टुडिओत बोट रंगवलेल्या पडद्यासमोर दोघं उभे होते, नवरीचा पदर मी नुकताच सारखा करवून घेतला होता, आणि तेवढ्यात इतवारीत वसंताच्या शेजारी ज्यांचं भांड्यांचं दुकान आहे ते गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात होती, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. "मधूभाऊ, वसंताभाऊ गेले. गल्ल्यावरच बसले होते. पाणी मागितलं, आन् पाणी आणेस्तोवर..." मी त्यांना हातानं थांबवलं आणि बटण दाबलं. फोटो चांगला आला, नंतर पाहिला मी. जोडपं गेल्यावर दिवे बंद करताना मनात पहिला विचार आला तो असा: गेला. याही वेळी माझ्याआधी, आणि याही वेळी मला न घेता. जिवाभावाचा मित्र गेला की माणसाला रडू येतं म्हणतात. मला संताप आला होता. आता महिना उलटून गेला, रडूही येऊन गेलं, पण तो संताप पुरता उतरलेला नाही.

वसंताला सगळं माझ्याआधी मिळालं. शाळेत असताना सायकल त्याच्याकडे आधी आली, मनगटावर घड्याळ आधी आलं, मिशीसुद्धा त्याला आधी फुटली. वडिलांचं इतवारीत रंगाचं दुकान, त्यामुळे पुढं काय करायचं हा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही. मी काकांच्या स्टुडिओत फोटो धुवायच्या हायपोत हात बुडवत होतो तेव्हा तो पांढऱ्या शर्टात गल्ल्यावर बसून पेंटर लोकांशी गप्पा हाणत होता. लग्न ठरलं तर नलूवहिनींसारखी मुलगी. त्यांच्या लग्नाचे फोटो मीच काढले, आणि ते काढताना माझ्या पोटात दुखत होतं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. तो हार सावरत माझ्या कानाशी येऊन म्हणाला होता, "जळून राहिला ना बे? जळ. पण फोकस नीट कर." मी त्याचा हेवा करतो हे त्याला आवडायचं. मला वाटतं, माझ्याएवढं मन लावून त्याच्याकडे दुसऱ्या कुणी पाहिलंच नव्हतं.

माझ्याकडे एकच गोष्ट त्याच्यापेक्षा आधी आली होती, ती म्हणजे समुद्र. साठ-पासष्टच्या सुमारास काकांनी सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरकडून बोटीचा पडदा करून घेतला. आगबोटीचा डेक, मागं निळं पाणी, दोन पांढरे पक्षी, आणि पुढं उभं राहायला खराखुरा लाकडी कठडा. पेंटरनं समुद्र पाहिलेला नव्हता, काकांनीही नव्हता. त्यानं अंबाझरी तलावाच्या पाण्याला जास्तीचा निळा मारला आणि समुद्र म्हणून दिला. तो निळा रंग वसंताच्याच दुकानातला, त्यामुळे वसंता आयुष्यभर म्हणत राहिला की मध्याचा समुद्र माझ्या डब्यातला आहे. पेंटरनं आणखी एक पराक्रम केला होता. बोटीला टांगलेल्या रबरी चाकावर बोटीचं नाव हवं म्हणून, कुणाला न विचारता, मोठ्या अक्षरांत "नागपूर" लिहून टाकलं. गिऱ्हाइकांची कधी तक्रार आली नाही. ताजमहालाचा पडदा आणि बागेचा पडदा धूळ खात पडायचे, नागपूरची बोट मात्र सारखी चालू असायची.

आणीबाणी उठल्यानंतर दोन-तीन वर्षांनी वसंताच्या रंगाच्या कंपनीनं एक योजना काढली. ज्या दुकानदारांनी भरपूर माल खपवला त्यांना आठवडाभर बोटीची सफर: मुंबईहून गोवा, तिथून कोचीन आणि परत, खाणं-पिणं कंपनीचं, आणि सोबत एक माणूस न्यायची परवानगी. वसंताचा नंबर लागला. सोबतीला अर्थातच नलूवहिनी, पण त्यांनी साफ सांगितलं, "मले रामटेकच्या बसमध्ये मळमळते, मी पाण्यावर काहून जाऊ? तुमी मधूभाऊजीले घेऊन जा." हे त्या माझ्यासमोर, माझ्या ताटात वाढताना म्हणाल्या. वसंता म्हणाला, "चाल गा मध्या, तुया पडद्याचा हिशोब एकदा समुद्राशी लावून येऊ." त्या दिवशी मी घरी कसा आलो ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवर जाऊन पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले, कारण सिनेमातल्या बोटीवरचे लोक तसेच बूट घालतात. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून झालं की पुढच्या महिन्यात स्टुडिओ आठवडाभर बंद राहील.

आणि मग वसंताचे सासरे काटोलकडून संत्र्यांची डाली घेऊन आले. धोतर, काळी टोपी, कमी बोलणारा माणूस. लेकीच्या लग्नातही त्यांनी कशाबद्दल हट्ट केला नव्हता. चहा घेता घेता म्हणाले, "जावईबापू, मले एकदा समुद्र पाहू द्या." बस्, एवढंच. दुसरं वाक्य नाही. मी तिथंच बसलो होतो. वसंतानं माझ्याकडे पाहिलं आणि मी ताबडतोब डालीतल्या संत्र्यांकडे पाहायला लागलो. सासऱ्यानं जन्मात पहिल्यांदा काही मागितलेलं, त्याला नाही म्हणणारा जावई आमच्याकडे अजून जन्माला यायचा आहे. बाहेर आल्यावर वसंता म्हणाला, "पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ. आईशप्पथ." मग दोन पावलं चालून म्हणाला, "तुया तो कॅमेरा देशील का?"

मी कॅमेरा दिला. दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून वाकून पाहायचा, मी माझ्या धाकट्या भावालाही हात लावू देत नसे असा. फुटाळा तलावावर नेऊन त्याला शिकवलाही. बूट त्याच्या पायाला बसत होते, म्हणून तेही दिले. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा त्याच्या गळ्यात माझा कॅमेरा, पायात माझे बूट, आणि खिडकीत माझ्या जागेवर टोपी घातलेले सासरे. फक्त मी तेवढा फलाटावर राहिलो होतो. माणसानं निर्जीव वस्तूंचा हेवा करू नये, पण त्या आठवड्यात मी एका कॅमेऱ्याचा आणि बुटांच्या एका जोडाचा केला.

परत आल्यावर तो थेट स्टुडिओत आला, रोल टेबलावर टाकले आणि म्हणाला, "मध्या, तुया पडदा खोटा आहे. समुद्र निळा नसते. सकाळी राखाडी असते, दुपारी पाहवत नाही." ऐकून मला बरं वाटेल असं त्याला का वाटलं कोण जाणे. मी रोल धुवायला घेतले. बरेचसे फोटो वाकडे, अर्ध्यात नुसतं आकाश, एकात कोचीनची मासे धरायची जाळी की कुणाचं धुणं ते समजेना. मी लाल दिव्याखाली एकेक काढत होतो आणि मनातल्या मनात सुखावत होतो. आणि मग एक कागद ट्रेमध्ये टाकला, तर पाण्यातून हळूहळू सासरे वर आले. कठड्याशी उभे, धोतर वाऱ्यानं फुगलेलं, एका हातानं टोपी दाबून धरलेली, दुसरा हात पुढं झेपावलेला, आणि त्या हातापासून वीतभर लांब, समुद्राच्या वर, हवेत एक संत्रं.

मी कितीतरी वेळ चिमट्यात तो कागद धरून उभा होतो... नंतर वसंतानं सांगितलं ते असं. पहाटे म्हातारबुवांनी पिशवीतून संत्री काढली आणि विचारलं, "आमची वर्धा शेवटी याच्यातच येते ना? मंग तिच्या गावाहून वानवळा द्या लागते." वसंता हो म्हणाला. वर्धा नदीचं पाणी गोदावरीतून पूर्वेला, बंगालच्या उपसागराला जातं, हे शाळेत त्याच्या शेजारी बसून मी शिकलो आहे. मी असतो तर म्हातारबुवांना भूगोल सांगितला असता. भूगोल सांगून झाल्यावर त्यांना नीट उभं करून "हलू नका" म्हटलं असतं. म्हणजे संत्रं उडालंच नसतं. मुळात मी असतो तर सासरेच नसते. आयुष्यभर मी फोटो काढतो आहे, पण असा फोटो माझ्या हातून कधी निघाला नाही, आणि माझ्याच कॅमेऱ्यातून हा निघाला तो केवळ मी तिथं नव्हतो म्हणून. हे मला अजून सहन होत नाही. तो फोटो मोठा करून मी दुकानाच्या काचेत लावला, कारण चांगल्या फोटोला काचेबाहेर ठेवणं मला जमत नाही. लोक थांबून पाहायचे, आत येऊन माझं कौतुक करायचे, आणि प्रत्येकाला मला सांगावं लागायचं की हा मी काढलेला नाही.

पण गंमत पुढंच आहे. एवढ्या फोटोंत वसंता कुठंच नव्हता. सासऱ्यांच्या हातात त्यानं एकदा कॅमेरा दिला होता, पण ते वरून वाकून पाहताना इतके वाकले की फोटोत आले ते नुसते वसंताचे पाय, माझ्या पांढऱ्या बुटांत. इतवारीत कुजबुज सुरू झाली की हा गेलाच नव्हता, बोटीवर सासऱ्याला एकटंच बसवून मुंबईत पाहुण्याकडं राहिला आणि दुसऱ्या कुणी काढलेले फोटो दाखवतो. वसंताला हे फार लागलं. एका दुपारी सफारी, गॉगल आणि तेच बूट घालून तो आला. "मले तुया पडद्यासमोर उभा कर." मी म्हटलं, "खोट्या समुद्रासमोर?" तो कठड्यावर कोपर टेकून उभा राहिला. मी नाही म्हणू शकत होतो. पण मला अचानक असं झालं की आता दाखवतोच. पडदा भिंतीपर्यंत मागं सरकवला, मुद्दाम अंधुक केला, खालून एक दिवा लपवून पाण्यावरचा उजेड आणला, टेबलफॅन लावून केस उडवले. तरीही "नागपूर" वाचता येत होतं, म्हणून त्याचा खांदा बरोबर त्याच्यासमोर आणला. शेवटचा "र" तेवढा खांद्याबाहेर राहिला. पेन्सिलीनं तो मला सहज बुजवता आला असता. मी बुजवला नाही. वसंतानं फोटो दिव्याखाली धरून पाहिला. मग म्हणाला, "बोटीवर मी एवढा चांगला नोतो दिसत. नलूले सांगजो नको हं. कोचीनच्या एका दुकानदारानं काढून पाठवला म्हणून सांगतो."

कुजबुज थांबली. पुढचं वर्ष आलं आणि गेलं, कंपनीनं योजना बंद केली, आम्ही दरवर्षी "यंदा जाऊ" म्हणत राहिलो. त्याला कधी दुकान सोडवेना, मला कधी लग्नसराई. पण संध्याकाळी दुकान वाढवून तो स्टुडिओत यायचा, त्या लाकडी कठड्यावर कोपर टेकून चहा प्यायचा, आणि माझी जिरवायला हटकून म्हणायचा, "तिथं ना मध्या, वारा खारट असते." मी दरवेळी चिडायचो, आणि तो आला नाही तर दोनदा दारापर्यंत जाऊन पाहायचो.

तेरवीनंतर काही दिवसांनी मी वहिनींना भेटायला गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो तोच, बोटीवरचा. आलेल्या बायकांना वहिनी सांगत होत्या की हा समुद्रावरचा आहे, तिकडच्या एका ओळखीच्यानं काढला. बायका गेल्या. वहिनी फोटोकडे पाहत मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी यांचे एवढे फोटो काढले, पण असा एक नाही आला. पाण्यावरचा उजेडच वेगळा असते." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, तो मी काढला." हार बाजूला सरकवून मी त्यांना खांद्यामागचा "र" दाखवला, पडदा सांगितला, टेबलफॅन सांगितला. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं रागावतील, निदान फोटोग्राफर म्हणून माझं कौतुक तरी करतील. त्या हळूच म्हणाल्या, "मंग समुद्रावरचा यांचा एकही फोटो नाही?"

त्यांचा चेहरा पाहून मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली. आणि मग एकदम आठवलं. म्हटलं, "आहे. एक आहे. तुमच्या बाबांनी काढलेला."

निगेटिव्ह सापडायला दोन दिवस लागले. भिंतीवरचा फोटो वहिनींनी काढला नाही, "राहू द्या, चांगला दिसते" म्हणाल्या. त्याच्या खाली लावायला हा दुसरा मोठा करून हवा होता. लाल दिव्याखाली कागद ट्रेमध्ये टाकला. आधी डेकच्या फळ्या दिसू लागल्या, मग कोपऱ्यात सासऱ्यांच्या धोतराचं टोक, मग गुडघ्यापासून खाली वसंता. दोन पाय फाकवून, बोट हलत असताना तोल सावरत उभा असलेला. नाडीची गाठ त्याच्या सवयीची, दुहेरी, टोकं आत खोचलेली. खऱ्या समुद्रावर काढलेला त्याचा हा एवढाच फोटो, आणि त्यातले बूट माझे आहेत. त्यानं ते मला कधी परत केले नाहीत, आणि मीही कधी मागितले नाहीत.