बार्शीटाकळीत फोनचा आवाज बंद केला

पुण्याहून कुरिअरने आलं ते असं: जुने फोन दोन, चिन्ह छापलेल्या कापडी पिशव्या पंचवीस, माहितीपत्रकांचा एक गठ्ठा. कुरिअरचे एकशे ऐंशी. मागोमाग लेक वैशाली आली. फोनवरून डॉक्टर भेटवणारी नवी सेवा निघतेय. ती वापरायला सोपी करणं, तिचं चिन्ह, रंग ठरवणं हे तिचं काम. म्हणाली, लोकांच्या घरात बसून बघायचंय, आई, तू चल.

अंबादेवीला हात जोडून सकाळची एसटी धरली. अमरावती ते अकोला बायकांना अर्धं तिकीट, पंच्याऐंशी रुपये. मूर्तिजापूरला चहा बरा मिळतो, खाणं मात्र घरचं न्या. आमच्याजवळ भाकरी-ठेचा होता. पुढे बार्शीटाकळीपर्यंत ऑटो, माणशी चाळीस.

तिथे शेजारणीची भाची सुशीला राहते (नाव बदललंय). झेंडूचा मळा आहे. ओसरीवर तिचे सासरे फुलं निवडत होते. पिशवीवरचं हिरवं चिन्ह त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"हे कोन्या पक्षाचं व बाई?"

वैशालीचे दोन महिने त्या चिन्हावर गेले होते. कसंबसं हसली.

वाचता न येणाऱ्यांसाठी तिने फोनला बोलतं केलं होतं. सुशीलाच्या हाती देताच तो खणखणीत आवाजात विचारू लागला, आपल्याला काय त्रास आहे? सासरे म्हणाले, सांग ना, काहून लाजून राह्यली? सुशीला म्हणाली, खोकला.

मी पाणी प्यायला आत गेले, तर मागून येऊन तिने माझं मनगट धरलं.

"खोकला नाई, काकू. छातीत गाठ हाये, चार महिने झाले. मामंजींसमोर कसं सांगू?"

मी वैशालीला आत बोलावलं. तिने दार लोटलं, फोनचा आवाज बंद केला, माझ्या वहीच्या पानावर बाईची आकृती काढली. सुशीलाने न बोलता नेमक्या जागी बोट ठेवलं. सुशीलाला लिहितावाचता येतं, मग सेवेतल्या बाई डॉक्टरांशी सगळं लिहूनच झालं. त्यांनी कळवलं, घाबरू नका, पण याच आठवड्यात अकोल्याच्या दवाखान्यात तपासून घ्या.

"फुलं घेऊन जातोच आमी अकोल्याले," सुशीला हळूच म्हणाली.

परतीच्या एसटीत वैशालीने माझ्या वहीतलं ते पान उघडलं. मग म्हणाली, "आई, मोठा आवाज म्हणजे सोपं, हे मीच ठरवून बसले होते."

आता ती सेवा मुक्यानेच उघडते आणि आधी आकृती दिसते. माझ्या मनात मात्र कागदावरचं ते बोट राहिलंय. सुशीलाजवळ स्वतःचा फोन नाही, म्हणून तिला बंद पाकिटात पत्र टाकलं, आत माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट ठेवून. लिहिलं एवढंच: सुशीला, रोज देवीजवळ तुझं नाव घेते. अकोल्याला जाऊन आलीस का, तेवढं उलट टपाली कळव.